धानाच्या गावात म्हातारी मांजर

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या जंगलपट्ट्यात चिचगड आहे. हा सगळा मुलूख धानाचा. घरात धान भरून ठेवलं की उंदीर येतात आणि उंदीर आले की मांजर हवी असते. ती कुणी विकत आणत नाही. शेजारी व्यालेल्या मांजरीचं एखादं पिल्लू येतं आणि राहून जातं. पोट ती उंदरांवर भरेल असा हिशेब असल्यामुळे वरून द्यायचा तो भात. भातावर थोडं दूध, नाहीतर मासोळीच्या रश्श्यातलं उरलंसुरलं. तरुण मांजरीचं यावर बरं भागतं, कारण तिचं खरं जेवण सांदवाडीत आणि धुऱ्यावर होतं. उंदीर, सरडे, पाखरं, नाकतोडे यांतून तिला जे हवं ते मिळतं. घरचा भात म्हणजे वरची भर.

घोटाळा होतो तो म्हातारपणी. दहा-बारा वर्षांची मांजर उडी चुकते. तिचे दात पडलेले असतात, सांधे आखडलेले असतात, नजर अधू झालेली असते. उंदीर समोरून निघून जातो. शिकार थांबते आणि वाटीत उरतो नुसता दूधभात. मेंदूला चांगल्या अन्नाची सर्वांत जास्त गरज असते त्याच वयात तिचं अन्न सर्वांत हलकं होतं, आणि घरातल्या कुणाच्या ते ध्यानातही येत नाही, कारण वाटी तर रोजच्यासारखीच भरलेली असते. मांजरीच्या मेंदूसाठी कोणती गोळी द्यावी, कोणतं तेल चांगलं, असं लोक विचारतात. मला वाटतं, आधी ही वाटी पाहायला हवी.

म्हाताऱ्या मांजरीचा मेंदू थकतो म्हणजे काय होतं? ती रात्री घरभर फिरत मोठ्याने, एकाच सुरात ओरडते. कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहते. नेहमीची जागा सोडून भलतीकडेच शी-शू करते. आत्ताच खाल्लेलं विसरून पुन्हा वाटीशी येते, किंवा वाटी कुठे आहे तेच तिला सापडत नाही. दिवसा झोप, रात्री जाग. काही मांजरी माणसाला सतत चिकटून राहतात, काही ओळखीच्या माणसापासूनही लांब जातात. पशुवैद्यक याला आकलनशक्तीचा ऱ्हास म्हणतात. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत, दुसरा आजार सापडला नाही अशा ११ ते १४ वर्षांच्या मांजरींपैकी सुमारे २८ टक्क्यांमध्ये यातलं किमान एक लक्षण दिसलं. पंधरा वर्षांपुढे हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. पंधरा वर्षांची मांजर माणसाच्या हिशेबाने पंचाहत्तरीच्या घरात असते, हे लक्षात घेतलं तर या आकड्यांचं नवल वाटू नये.

कवटीच्या आतही माणसाशी साम्य आहे. माणसाच्या अल्झायमर आजारात अमायलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाचा साका मेंदूत जमतो. तसाच तो म्हाताऱ्या मांजरीच्या मेंदूतही जमतो, आणि मांजरीचं अमायलॉइड बीटा माणसाच्यापेक्षा केवळ एका अमिनो आम्लाने वेगळं असतं. जपानच्या त्सुशिमा बेटावर राहणाऱ्या रानमांजरींच्या मेंदूत तर अल्झायमरमध्ये दिसतात तशा टाऊ प्रथिनाच्या गुंताळ्याही सापडल्या, आणि हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. २०२५ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या वयांत मेलेल्या २५ मांजरींचे मेंदू तपासले. म्हाताऱ्या आणि भ्रम झालेल्या मांजरींमध्ये अमायलॉइड नेमकं चेतापेशींच्या जोडांवर, म्हणजे एका पेशीचा निरोप दुसरीला जातो त्या जागी साचलेलं त्यांना दिसलं. मेंदूतल्या आधारपेशी हे जोडच गिळून टाकत असल्याच्या खुणाही मिळाल्या. जोड कमी झाले की आठवण धरून ठेवणं कठीण होतं. मांजरीला हा आजार कुणी प्रयोगशाळेत देत नाही, तो वयानुसार आपोआप येतो. माणसाच्या आजाराच्या अभ्यासकांना मांजरीत एवढा रस आहे तो यामुळे.

हा साका विरघळवणारं अन्न अजून कुणाला सापडलेलं नाही. सापडल्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. अन्नाचं काम वेगळं आहे. चेतापेशींची आवरणं ज्या चरबीची बनतात ती पुरवायची, ज्या जीवनसत्त्वांवाचून त्या तडफडतात ती कमी पडू द्यायची नाहीत, पेशींची रोजची झीज भरून निघेल एवढं प्रथिन द्यायचं, आणि मेंदूला विष होईल असं काही पोटात जाऊ द्यायचं नाही. झाडीपट्टीतल्या, म्हणजे या धानाच्या मुलखातल्या वाचकाला अन्न आणि चेतातंतूंचं नातं नवं नाही. दुष्काळाच्या दिवसांत लाखोरीच्या डाळीवर महिनोन्‌महिने काढलेल्या माणसांचे पाय लुळे पडल्याचं मध्य भारताने पाहिलं आहे. पोटात गेलेली गोष्ट मज्जारज्जूपर्यंत पोचते, हे त्यातून कळलं.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. रानावनात स्वतःच्या बळावर जगणाऱ्या मांजरींच्या आहाराचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला, तेव्हा त्यांना मिळणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे ५२ टक्के प्रथिनांतून, ४६ टक्के चरबीतून आणि जेमतेम २ टक्के पिष्टातून आलेले निघाले. दूधभातात हे सगळं उलटं असतं. मांजर शिजलेला भात पचवू शकत नाही असं नाही, पण भाताने तिचं पोट भरतं आणि शरीर उपाशी राहतं. गोडाची चव तर तिला कळतच नाही. ती चव ओळखणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरकुळात फार पूर्वीच निकामी झालं आहे, हे २००५ साली सिद्ध झालं. मग ती दूधभात का खाते? दुधातल्या स्निग्धांशाच्या आणि प्रथिनांच्या ओढीने. बहुतेक मोठ्या मांजरींना दुधातली साखर नीट पचत नाही. म्हातारीला त्याने हगवण लागली, तर अंगातलं पाणी आणि ब जीवनसत्त्वं वाहून जातात.

माणूस, कुत्रा, उंदीर असे कितीतरी प्राणी काही पोषक द्रव्यं स्वतःच्या शरीरात तयार करतात. मांजरीला ती तयारच मिळावी लागतात, कारण तिच्या पूर्वजांच्या ताटात ती रोज असायची आणि बनवण्याची गरजच पडली नाही. गाजरातल्या पिवळ्या द्रव्यापासून तिला अ जीवनसत्त्व करता येत नाही. टॉरीन नावाचं द्रव्य तिला पुरेसं बनवता येत नाही. ते नसेल तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये अमेरिकेत लक्षात आलं, आणि हृदय फुगून निकामी होतं हे १९८७ मध्ये पॉल पायन यांनी दाखवलं. त्यानंतर जगभरच्या मांजरखाद्यात टॉरीन वाढवलं गेलं. धान्यात टॉरीन जवळजवळ नसतंच. मांसात, त्यातही कोंबडीच्या काळजात म्हणजे हृदयात आणि मांडीच्या गडद मांसात ते भरपूर असतं. डोळे आणि हृदय दुबळं असलेल्या मांजरीचा मेंदू शाबूत राहील कसा? डोळ्यांना दिसेनासं झालेली मांजर भिंतीपाशी अडखळते आणि घरचे म्हणतात, हिला भ्रम झाला.

यातही आर्जिनीनची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. प्रथिनं पचताना अमोनिया तयार होतो आणि तो मेंदूला विषारी असतो. यकृत त्याचा युरिया करून टाकतं, आणि त्या कामाला आर्जिनीन हे अमिनो आम्ल लागतं. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या मॉरिस आणि रॉजर्स या अभ्यासकांनी उपाशी मांजरींना आर्जिनीन नसलेलं एकच जेवण दिलं. काही तासांतच रक्तातला अमोनिया वाढला. मांजरींना उलट्या झाल्या, त्यांचा तोल जाऊ लागला, काही तर दगावायच्या बेतात आल्या. एका जेवणाने मेंदूवर इतका झपाट्याने परिणाम होणारा दुसरा प्राणी सहसा आढळत नाही. मांस, मासे, अंडी यांत आर्जिनीन भरपूर असतं, त्यामुळे घरच्या वाटीत असा प्रसंग ओढवत नाही. पण मांजरीचं शरीर किती अरुंद वाटेवरून चालतं याचा अंदाज या प्रयोगाने येतो.

आता मासोळीकडे येऊ, कारण चिचगडच्या बाजूला मांजरीची वाटी म्हटलं की भातामागोमाग मासोळीच येते. भंडारा-गोंदियाचा हा प्रदेश तलावांचा आहे. कोहळी समाजाने खोदलेले माजी मालगुजारी तलाव, लहानसहान बोड्या, आणि त्यांत मासेमारी करणारा ढिवर समाज. रोहू, कतला, मृगळ, मरळ, मागूर, झिंगे. घरी मासोळी साफ केली की डोकं, आतडी, कल्ले मांजरीपुढे टाकायचे ही जुनी रीत. मांजर कच्चंच खाते, मग यात वाईट ते काय?

वाईट आहे ते थायमिनच्या, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या बाबतीत. रोहू, कतला आणि मृगळ हे तिन्ही कार्प कुळातले मासे. या कुळातल्या बऱ्याच माशांच्या कच्च्या शरीरात, विशेषतः आतड्यांसारख्या भागांत, थायमिनेज नावाचं विकर असतं आणि ते थायमिन तोडून टाकतं. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात कच्च्या माशांवर पोसलेले कातडीसाठीचे कोल्हे लुळे पडून मरू लागले. कारण शोधता शोधता अभ्यासक या विकरापर्यंत पोचले. मांजरीला थायमिनची गरज कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असते आणि तिच्या शरीरात त्याचा साठा फारसा राहत नाही. ते संपलं की आधी भूक जाते, लाळ गळते. मग मान खाली वाकून हनुवटी छातीला लागते, पाय वाकडेतिकडे पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि शेवटी झटके येतात. मेंदूच्या बुडाशी असलेल्या काही केंद्रांत दोन्ही बाजूंना सारखीच इजा होते. वेळेवर थायमिनचं इंजेक्शन मिळालं तर मांजर एक-दोन दिवसांत आश्चर्य वाटावं इतकी सुधारते. उशीर झाला तर मेंदूची हानी कायम राहते.

यावरचा उपाय चुलीवरच आहे. मासा शिजवला की थायमिनेज निकामी होतं. साफ करतानाची डोकी आणि आतडी कच्ची टाकण्याऐवजी मांसाचे तुकडे आणि डोकी थोड्या पाण्यात उकळावीत, मोठे काटे काढावेत आणि मऊ मांस पाण्यासकट द्यावं. आतडी टाकून द्यावीत. पाण्यासकट हे मुद्दाम म्हणतो, कारण टॉरीन पाण्यात विरघळतं आणि उकळताना बरंचसं त्या पाण्यात उतरतं. ते पाणी फेकलं तर अर्धी मेहनत वाया गेली. त्यातून म्हातारी मांजर तशीही पाणी कमी पिते. तिचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. त्यांची तहान मंद होती आणि पाणी त्यांना शिकारीतूनच मिळायचं, कारण उंदराच्या अंगात सुमारे ७० टक्के पाणी असतं. म्हणून ओलं अन्न तिच्या मूत्रपिंडांनाही बरं.

फोडणी पडण्याआधीच मांजरीचा वाटा बाजूला काढावा. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, मांजरीच्या लाल रक्तपेशी फोडतात. आपल्या रश्श्यात दोन्ही असतात. रश्श्यात भात कालवून दिला की आपण प्रेमाने तिला रक्तक्षयाकडे ढकलत असतो, आणि रक्त कमी म्हणजे मेंदूला प्राणवायूही कमी. सुकी मासोळी आणि सुकट खारवलेली असेल तर टाळलेली बरी, कारण म्हाताऱ्या मांजरीत मूत्रपिंडाचा आजार आणि रक्तदाब दोन्ही नेहमी आढळतात.

मेंदूच्या चरबीची गोष्टही मासोळीशीच येऊन मिळते. चेतापेशींच्या आवरणांत डीएचए नावाचं ओमेगा-३ मेदाम्ल भरपूर असतं. आता आपल्याकडे धान निघाल्यावर त्याच ओलीवर बांध्यांमध्ये जवस पेरतात, आणि जवसात ओमेगा-३ असतं हे आता घराघरात माहीत झालं आहे. मग मांजरीच्या भातावर चमचाभर जवसाचं तेल टाकलं तर? उपयोग नाही. जवसातलं ओमेगा-३ हे डीएचएच्या आधीचं रूप असतं. माणसाच्या शरीरात त्याचं डीएचए थोडंफार तरी होतं, मांजरीत ते करणारं विकर फारच दुबळं असतं. तिला डीएचए तयारच, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं हवं. तलावातल्या मासोळीत ते असतं, समुद्रातल्या तारली-बांगड्यात अधिक. गोंदियाच्या बाजारात बर्फातला बांगडा आला तर म्हाताऱ्या मांजरीसाठी त्याचा एखादा तुकडा शिजवायला हरकत नाही, पण रोज निव्वळ तेलकट मासा नको. ई जीवनसत्त्व कमी पडून तिच्या अंगातली चरबी सुजण्याचा आजार नुसत्या माशांवर ठेवलेल्या मांजरींना होतो. माशाच्या तेलाची कॅप्सूल द्यायची तर पशुवैद्यकाला विचारून, वजनाप्रमाणे. कॉड माशाच्या यकृताचं तेल नकोच, कारण त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं एवढी असतात की ती साठून हाडं बिघडतात. बकऱ्याची किंवा कोंबडीची कलेजी रोज खाणाऱ्या मांजरीची मान अशीच ताठ होते. तिला वळता येत नाही, अंग चाटता येत नाही आणि ती चिडचिडी होते. कलेजी आठवड्यातून एखादा लहान तुकडा एवढीच.

मासोळीबद्दल बोलताना जपानमधलं मिनामाता आठवल्यावाचून राहत नाही. १९५० च्या दशकात त्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्त्यांत मांजरी विचित्र वागू लागल्या. त्या नाचल्यासारख्या गरगर फिरत, झटके येऊन पडत, समुद्रात उड्या घेत. लोकांनी त्याला मांजरांचा नाचरोग म्हटलं. १९५६ मध्ये माणसांतला तोच आजार अधिकृतपणे नोंदला गेला. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून खाडीत जाणाऱ्या सांडपाण्यात मिथिल पारा होता आणि तो माशांतून मांजरींच्या व माणसांच्या मेंदूत गेला होता. कंपनीच्याच रुग्णालयातले डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी १९५९ मध्ये कारखान्याचं सांडपाणी मिसळलेलं अन्न एका मांजरीला दिलं. ती चारशे क्रमांकाची मांजर तसल्याच झटक्यांनी आजारी पडली, आणि कंपनीने तो निष्कर्ष दडपला. माणसांच्या आधी मांजरींनी इशारा दिला होता, कारण त्या दिवसभर फक्त मासे खात होत्या. मांजरीचा मेंदू तिच्या वाटीपासून वेगळा काढता येत नाही, याचा याहून दुःखद पुरावा मला माहीत नाही.

चांगल्या अन्नाने मेंदू सुधारतो का, याचीही चाचणी झाली आहे. नेस्ले प्युरिना कंपनीचे युआनलाँग पॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेपाच ते पावणेनऊ वर्षांच्या मांजरींना माशाचं तेल, ब जीवनसत्त्वं, झीज रोखणारी द्रव्यं म्हणजे अँटिऑक्सिडंट, आणि आर्जिनीन यांचं मिश्रण घातलेला आहार दिला. २०१३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, दिशा लक्षात ठेवणं, दोन वस्तूंतला फरक ओळखणं, शिकलेला नियम उलटला तर तो नव्याने शिकणं, अशा चार प्रकारच्या चाचण्यांपैकी तीन प्रकारांत या मांजरी साध्या आहारावरच्या मांजरींपेक्षा सरस ठरल्या. अभ्यास खाद्य विकणाऱ्या कंपनीचा आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावं. तरी त्यातलं मांजरींचं वय मला महत्त्वाचं वाटतं. त्या भ्रमिष्ट झालेल्या म्हाताऱ्या नव्हत्या. मध्यम वयाच्या होत्या. म्हणजे वाटी बदलायची ती मांजर भिंतीकडे तोंड करून उभी राहू लागल्यावर नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, ती अजून उंदीर धरत असते तेव्हा. त्याच कंपनीच्या आणखी एका दीर्घ अभ्यासात सात ते सतरा वर्षांच्या ९० निरोगी मांजरींना तीन प्रकारचे आहार दिले होते. ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, चिकोरीच्या मुळांची भुकटी आणि मेदाम्लांचं मिश्रण हे सगळं मिळालेला गट साध्या आहारावरच्या गटापेक्षा सरासरीने वर्षाहून अधिक जगला.

कुत्र्यांवर असे अभ्यास बरेच जास्त झाले आहेत, आणि इथेच मोठा धोका आहे. कुत्र्याच्या मेंदूसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पूरकांत अल्फा लिपोइक आम्ल असतं. मांजरीला ते कुत्र्यापेक्षा सुमारे दहापट अधिक विषारी असल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं. त्याने यकृत आणि चेतातंतू दोन्ही बिघडतात. कुत्र्याची गोळी अर्धी करून मांजरीला देणं हा प्रकार म्हणून कटाक्षाने टाळावा. खोबरेल तेलातल्या मध्यम साखळीच्या मेदाम्लांनी म्हाताऱ्या कुत्र्यांची आकलनशक्ती सुधारल्याचे प्रयोग आहेत, पण त्यावरून मांजरीच्या भातावर खोबरेल ओतायचं कारण नाही. आणि सांधे दुखतात म्हणून घरातली पॅरासिटॅमॉलची गोळी तर कधीच नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकते, कारण ती निकामी करायची यंत्रणाच तिच्या यकृतात अपुरी असते.

भ्रम दिसला की तो मेंदूचाच, असं धरून चालू नये. बारा वर्षांपुढच्या बहुतेक मांजरींच्या क्ष-किरण चित्रांत सांध्यांची झीज दिसते. जागेवर शी-शू न करणारी मांजर विसरलेली नसेल, तिला उंबरा ओलांडणं दुखत असेल. रात्री ओरडणाऱ्या मांजरीचा रक्तदाब वाढलेला असू शकतो, किंवा गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असू शकते. तशी मांजर खूप खाते आणि तरी वाळत जाते. मूत्रपिंडं थकली की रक्तात विषारी द्रव्यं साठून ती सुस्त आणि गोंधळलेली दिसते. आतड्याचा जुना आजार असला तर ब-१२ कमी पडतं. किडलेल्या दातांमुळे न खाणारीही असते. देवरीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजचं काम गाई-बैल, शेळ्यांचं, तरी रक्ताची साधी तपासणी आणि तोंडाची पाहणी करून घेण्यासारखी आहे. रक्तदाब, थायरॉइड यांसारख्या तपासण्यांसाठी १९५८ पासून चालू असलेलं नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मूत्रपिंडाचा आजार निघाला तर प्रथिनं आणि फॉस्फरस यांचं गणित बदलतं आणि वर सांगितलेलं बरंचसं डॉक्टरांच्या सल्ल्याने आवरतं घ्यावं लागतं. निव्वळ वय वाढलं म्हणून मात्र प्रथिनं कमी करू नयेत. उलट म्हाताऱ्या मांजरीची पचनशक्ती मंदावते, स्नायू झडतात आणि तिला चांगलं प्रथिन अधिकच लागतं.

मग वाटीत काय घालावं? परवडत असेल तर मांजरीसाठीचं संपूर्ण आहार असं छापलेलं ओलं किंवा सुकं खाद्य हा सर्वांत बिनधोक मार्ग, आणि हे मी घरच्या अन्नाचा अभिमान बाळगूनही म्हणतो. डेव्हिसच्या पोषणतज्ज्ञांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या मांजरखाद्याच्या घरगुती पाककृती तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांचं पूर्ण विश्लेषण करता आलं अशा ९४ कृतींपैकी सगळी पोषक द्रव्यं पुरेशी असलेली एकही निघाली नाही. चिचगडला रोज तयार खाद्य देणारी घरं थोडी. तिथे निम्मं खाद्य आणि निम्मं घरचं हाही चालण्यासारखा मध्यम मार्ग. घरचं म्हणजे उकडलेली कोंबडी, शक्यतो मांडी आणि हृदय, उकडलेलं अंडं, शिजवलेली मासोळी, आणि भात असलाच तर चमचाभर, चव धरून ठेवण्यापुरता. अंड्याचा पांढरा भाग कच्चा देऊ नये, त्यात बायोटिन बांधून ठेवणारं प्रथिन असतं. निव्वळ मांसात कॅल्शियम फार कमी, त्यामुळे महिनोन्‌महिने घरचंच द्यायचं असेल तर कॅल्शियम किती आणि कोणतं, हे पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावं. कुत्र्याचं खाद्य मांजरीचं नव्हे. त्यात तिच्यापुरतं प्रथिनही नसतं आणि टॉरीन असेलच असंही नाही.

साधारण चार किलोच्या मांजरीला दिवसाला सव्वादोनशेच्या आसपास उष्मांक पुरतात. म्हातारीला ते एका वेळी खाववत नाही, म्हणून चार-पाच वेळा थोडं थोडं द्यावं आणि कोमट करून द्यावं. वास कमी येऊ लागलेल्या नाकाला गरम अन्नाचा वास लवकर लागतो. शेवटचं जेवण रात्री झोपायच्या आधी दिलं तर काही मांजरींचं रात्रीचं ओरडणं कमी होतं. वाटी उंचावर नको, जमिनीवर आणि रोज त्याच जागी असावी, कारण जागा बदलली की गोंधळलेली मांजर उपाशी राहते. महिन्यातून एकदा तिला उचलून आपण काट्यावर उभं राहावं आणि आपलं वजन वजा करावं. घट दिसू लागली की दवाखाना गाठावा, मग ती पोटभर खात असली तरी.

अन्न बदलायचं ते सावकाश. पहिल्या आठवड्यात जुन्या दूधभातात नवं मांस पाव भाग, पुढे निम्मं, मग पाऊण. वर्षानुवर्षं एकच वास ओळखणारी म्हातारी एका दिवसात बदललेल्या वाटीला तोंड लावत नाही, आणि भूक लागली की खाईल हा कुत्र्याला लागू पडणारा विचार इथे घातक ठरतो. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली, त्यातही अंगाने जाड असली, तर शरीरातली चरबी यकृतात जाऊन साचते. यकृत बंद पडतं आणि अमोनिया थेट मेंदूत चढतो. नवं काही खात नसेल तर त्या दिवशी तिला तिचा जुना दूधभातच द्यावा. एक पूर्ण दिवस तिने काहीच खाल्लं नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन निघावं.